ज्याच्या त्याच्या पोताप्रमाणे

कापडं गिऱ्हाइकांपेक्षा जास्त बोलत, त्या काळची गोष्ट. एका कापडपेठेत इस्त्रीबाईंनी शिकवणी केंद्र उघडलं. दारावर पाटी झळकली: ‘प्रत्येकाला त्याच्या पोताप्रमाणे शिक्षण!’

बांधणीची एक ओढणी आपल्या लेकीला घेऊन आली. लेक नुकतीच रंगातून निघालेली. गाठी सोडल्याच्या बारीक चुण्या अंगभर. शेजारची मलमल कशी गुळगुळीत, आणि आपलीच पोर अशी! सणाला कुणी हिला घेतलंच नाही तर, हा घोर आईला लागला होता.

“काळजी सोडा, ताई,” इस्त्रीबाई उबदार आवाजात म्हणाल्या. “आमच्याकडे सगळ्यांना एकच माप नाही. रेशमाला मंद आच, सुताला कडक, आणि तुमच्या नाजूक लेकीला वरून ओलं फडकं.”

सण आला. एका गिऱ्हाईक बाईनं लेकीला उजेडात धरलं. “हिच्या चुण्या कुठायत? हाताने गाठी मारलेली बांधणी अशी नसते. ही छापील दिसतेय,” म्हणत तिनं लेकीला बाजूला सारलं.

आई तणतणत केंद्रावर गेली. “अहो, प्रत्येकाला वेगळं शिकवता ना?”

“शिकवते की! आच ज्याची त्याला वेगळी. निकाल मात्र सगळ्यांचा सपाट. आमच्याकडे भेदभाव नाही.”

बाहेर नव्या पालकांची रांग लागली होती. एका लोकरी शालीनं विचारलं, “काय हो, तुमची मुलगी कशी निघाली?”

ओढणीनं आपले काठ सावरले. “फार छान! एक चुणी म्हणून राहिली नाही.”

शाल आपल्या पोराला घेऊन घाईनं पुढे सरकली.