सोसणाऱ्यांची खाडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा खेकडे आपापसात बोलत आणि माणसं ते ऐकत नसत. आता खेकडेही बोलेनासे झाले आहेत. ते का, हे सांगायला बसलो आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एक खाडी होती. तिच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगरातून येणारी नदी. भरतीला समुद्र आत येई, ओहोटीला नदी बाहेर जाई. त्यामुळे खाडीच्या पाण्याची चव कधी एक नसे. उन्हाळ्यात ते इतकं खारट होई की काठावर पांढरी खपली धरे, आणि भर पावसाळ्यात इतकं गोडं की गुरंसुद्धा त्याला तोंड लावत.

अशा पाण्यात राहणं हा काही पोरखेळ नव्हे. खेकड्याच्या अंगात त्याचं स्वतःचं मीठ असतं. भोवतालचं पाणी गोडं झालं की ते मीठ बाहेर निसटू लागतं आणि पाणी आत घुसू लागतं. मग खेकडा कल्ल्यांनी पाण्यातलं उरलंसुरलं मीठ ओढून घेतो आणि आत शिरलेलं पाणी सारखं मुतून टाकतो. हसू नका, मुलांनो. फुटक्या होडीतलं पाणी उपसत बसावं, तसं ते काम आहे. हात थांबला की होडी बुडाली.

या कामाचा खाडीतल्या खेकड्यांना मोठा अभिमान होता. सकाळी बिळातून बाहेर पडल्यावर ते एकमेकांना विचारत, "सोसतंय का?" आणि समोरच्यानं म्हणायचं, "सोसतंय." दुसरं उत्तर त्यांच्यात नव्हतंच. पावसाळ्यात जो सगळ्यात वर, सगळ्यात गोड्या पाण्यात जाऊन राही, त्याला तिवराच्या मुळांतलं सगळ्यात चांगलं बीळ मिळे. त्या वेळी ते बीळ एका थोरल्या खेकड्याकडे होतं. बारा पावसाळे ते त्याच्याकडेच होतं. सगळे त्याला आजोबा म्हणत.

एक गोष्ट मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. अंडी पोटाशी आली की खेकड्यांच्या बायका खाडी सोडून समुद्रात जात आणि पिलं तिथं सोडत. का, असं विचारलं तर जुन्या बायका एवढंच सांगत, "पिलांना होडी उपसता येत नाही गो अजून."

एका वर्षी माणसांनी खाडीच्या तोंडाशी बांध घालायला घेतला. खारं पाणी शेतात शिरून भात करपत होतं, म्हणून. त्यांचंही पोट होतं, त्यांना बोल लावून उपयोग नाही. दोन्ही काठांकडून चिखलाच्या पाट्या पडू लागल्या आणि बघता बघता समुद्राची वाट बंद झाली.

खाडीत एक तरणी खेकडी होती. तिची पहिलीच अंडी पोटाशी येणार होती. बांध पाहून ती आली आणि तडक आजोबांच्या बिळाशी गेली.

"आजोबा, बांध अजून ओला आहे. चिखलच आहे नुसता. आपण सगळ्यांनी मिळून आठ दिवस नांग्या चालवल्या तर आरपार भोकं पडतील. पुढचं काम भरती करील. बांध पोखरायला काय आपल्याला कुणी शिकवायला हवं?"

"अगो, पाणी गोडं झालं म्हणून कुणी बांध पोखरतं का?" आजोबा म्हणाले. "आपण काय पावसाळा बघितला नाही? यंदा जरा लवकर आला म्हणायचं. का तुला सोसत नाही?"

आजूबाजूच्या बिळांतून डोळे वर आले. सगळे तिच्याकडे बघू लागले. 'सोसत नाही' असं त्या खाडीत आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"मला सोसतं," ती हळूच म्हणाली. "पण अंडी..."

"मग झालं तर," आजोबा म्हणाले, आणि सगळे आपापल्या बिळात गेले.

खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, असं माणसं म्हणतात. त्या दिवशी कुणी कुणाचा पाय ओढला नाही. सगळ्यांचं एकमत होतं. पाय ओढले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

महिन्याभरात बांध वाळला. माणसांनी त्याला दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि सांधे चुन्यानं भरले. पावसाळा आला. नारळी पौर्णिमा झाली, पाऊसही सरला, पण समुद्र परत आला नाही. आधी खडकावरची कालवं मिटली आणि मग कधी उघडलीच नाहीत. "नाजूक जात," आजोबा म्हणाले. रोज सकाळी 'सोसतंय का' होई, आणि 'सोसतंय' होई.

खेकडीची अंडी पिकली. ती बांधाशी गेली. दगडांच्या पलीकडे लाटा आपटत होत्या, त्यांचा आवाज तिला ऐकू येत होता. तिनं चढून बघितलं, पण चुन्यावर पाय ठरेना. तीन दिवस ती तिथं पाण्यात थांबून राहिली. अंडी काही थांबेनात. चौथ्या दिवशी सकाळी तिनं पिलं तिथंच सोडली.

पिलं डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढी. उजेड दिसताच ती थोडी वर उसळली. तांदळाच्या धुवणासारखं पाणी क्षणभर पांढुरकं झालं. मग ते वरून निवळत गेलं, आणि दुपारपर्यंत अगदी नितळ झालं.

ती परत आली तेव्हा आजोबा बिळाच्या तोंडाशी बसले होते.

"पिलं गेली," ती म्हणाली.

"यंदाचं नशीब. पुढच्या खेपेची शिकतील. आपण नाही का शिकलो?"

"आपण समुद्रात मोठे झालो, आजोबा. मग शिकलो."

आजोबा मागे सरकत बिळात शिरले.

दुसऱ्या वर्षी खाडीतल्या सगळ्या बायकांची पिलं तशीच गेली. चिखलात लहानांची बिळं होती, ती रिकामी राहून बुजू लागली. तेव्हा कुठं खेकडे जागे झाले. खेकडी पुढं झाली, तिच्यामागून सगळे निघाले, आणि सर्वांत शेवटी आजोबाही निघाले. सगळ्यांनी मिळून बांधाला नांग्या लावल्या.

पण त्या नांग्यांत आता काही उरलं नव्हतं. खाल्लेलं सगळं होडी उपसण्यात जात होतं. नवी कवचं महिना महिना मऊ राहत होती. चुन्यावर घासून टोकं मोडू लागली. आजोबांची मोठी नांगी, बारा पावसाळे जिचा खाडीभर दरारा होता, ती एका दगडाच्या सांध्यात अडकली आणि मुळापासून तुटली.

आजोबा तुटलेल्या नांगीकडे बघत बसले. मग खेकडीला म्हणाले, "पोरी, मलाही सोसत नव्हतं गो."

"कधीपासून?"

"तू ओल्या बांधाचं सांगायला आलीस ना, त्याच्या आधीपासून. बाराच्या बारा पावसाळे सोसत नव्हतं. पण मी काय म्हणणार? माझ्याकडे बघून सगळे 'सोसतंय' म्हणत होते."

"मलाही सोसत नव्हतं," बाजूचा एक खेकडा म्हणाला.

"मलाही," त्याच्या पलीकडचा म्हणाला.

आणि मग बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक जण तेच बोलू लागला. जे त्या एका दिवशी बोलायला हवं होतं, ते सगळं आता बोलून झालं. बांध ऐकत उभा होता. त्याचा एक खडाही हलला नाही.

पुढं आजोबा गेले. एकेक करत बाकीचेही गेले. कुणी म्हातारपणानं गेलं, कुणाचा हात उपसताना थांबला. मागं राहिली ती एकटी खेकडी. तिच्यात अजून थोडा जोर होता, तेवढंच तिचं दुर्दैव.

ती रोज सकाळी बिळातून बाहेर येई. जिथं पूर्वी लहानांची बिळं होती तिथं जाऊन त्या सपाट चिखलाकडे तोंड करून विचारी, "सोसतंय का?" आणि उत्तरासाठी थांबे. ऊन वर चढेपर्यंत थांबे. मग परत जाई. एका सकाळी ती आली नाही.

त्या वर्षी काठावर भात छान पिकलं. कापणीला आलेल्या एका बाईनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं आणि म्हणाली, "किती गोड झालंय हे पाणी! यात कुणी राहत कसं नाही?"

तात्पर्य : सोसत नसेल तर सोसतंय म्हणू नये; म्हणणारा कसाबसा तगतो, पण त्या एका शब्दापायी त्याच्या मागून येणाऱ्यांचा जीव जातो.