भुऱ्या टट्टू आणि नवं बेट

फार मागची गोष्ट. एका ऑनलाइन खेळात तेव्हा एकच बेट होतं, आणि सगळे खेळाडू टट्टूंवर बसूनच फिरत. मृण्मयीचा भुऱ्या टट्टू काय रुबाबात चालायचा! मग खेळाचा नवा भाग आला, त्यात पंखवाला सिंह मिळाला, आणि मृण्मयी आभाळातूनच ये-जा करू लागली. भुऱ्या तबेल्यात नुसता माशा वारत उभा.

एके दिवशी दवंडी पिटली, "आणखी एक नवा भाग येतोय, नवं बेट उघडणार!" भुऱ्यानं कान पाडले.

"आता तुला काढूनच टाकतील बघ," सिंह म्हणाला.

बेट उघडलं. मृण्मयी ऐटीत सिंहावर बसली, पण त्याचे पंख काही केल्या उघडेनात. वेशीवरचं दगडी कासव म्हणालं, "ताई, हे बेट जमिनीवरून पालथं घातल्याशिवाय इथं कुणालाच उडता येत नाही. नाहीतर एवढ्या वाटा बांधल्या कुणासाठी?"

मृण्मयी धावत तबेल्यात आली. "भुऱ्या, चल रे बाबा!"

भुऱ्याचा जीव भांड्यात पडला.

दोघांनी मिळून सगळं बेट तुडवलं. मग सिंहाचे पंख उघडले आणि भुऱ्या तबेल्यात परतला. त्या संध्याकाळी सिंह हळूच शेजारी येऊन बसला. "वरून एक निळा दोरा दिसतो रे. काय आहे ते?"

"ओढा आहे. पाणी गोड आहे त्याचं. बस, सांगतो."

पुढची दवंडी पिटली तेव्हा सगळा तबेला धास्तावला. भुऱ्यानं मात्र नाल ठोकून घ्यायला पाय पुढे केला.