हापूसचं आइस्क्रीम आणि तीन पानं

सोनपिंपरीच्या आबासाहेब महाराजांचा हुकूम कानावर आला आणि विसूभट आचाऱ्याच्या हातातला झारा कढईत पडला.

हुकूम असा होता: उद्या दुपारच्या जेवणात, दांडा फिरवायच्या नव्या साच्यातलं हापूसचं आइस्क्रीम करायचं. महाराज आणि तीन दिवसांपासून पाहुणे आलेले काठेवाडचे ठाकोरसाहेब व बंगालचे रायबाबू, तिघांना एकाच पंगतीत, एकाच वेळी वाढायचं. आणि कोणाचीही जेवणाची रीत मोडता कामा नये. जमलं नाही तर विसूभटाने चुलीला नमस्कार करून घरी जायचं. मुदपाकखाना सांभाळायला मुंबईहून खानसामा येईल.

यात अवघड ते काय, असं वाटेल तुम्हाला. अवघड होत्या त्या या थोरामोठ्यांच्या खोडी. ठाकोरसाहेबांचा पहिला घास गोडाचा, त्याआधी ते फरसाणालासुद्धा हात लावत नसत. रायबाबू सुरुवात करत कारल्याने आणि गोड खात अगदी शेवटी. गोडावर पुन्हा तिखटमीठ खाणं त्यांना पाप वाटे. आणि महाराजांचं तर विचारूच नका. आधी वरणभात, मग पोळी, मध्यावर गोड, शेवटी ताकभात. हा क्रम त्यांच्या पणजोबांनी लावलेला. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी तो बदलला नसता.

आदल्या दिवशी श्रीखंडावरून रुसवेफुगवे झालेच होते. पण श्रीखंड बिचारं वाटीत थांबतं. आइस्क्रीम कुठलं थांबायला? बर्फ आगगाडीतून भुशात गुंडाळून आलेला, त्यातला निम्मा वाटेतच पाणी झालेला. वाटीत वाढलं की लगेच खायचं, नाहीतर आमरस समजून प्यायचं. साचाही एकदा उघडला की फार तर अर्धा तास दम धरणार.

विसूभट डोक्याला हात लावून बसला. "तीस वर्षं या चुलीपुढे भाजलो. आता म्हातारपणी त्या खानसाम्याची भांडी विसळू का?"

त्याची सून ठकू साच्याचा दांडा फिरवून बघत होती. सासरा तसा तिरसट, पण पहिली गरम पोळी रोज सुनेच्या पानात टाकणारा. त्याचं रडवेलं तोंड तिला बघवेना.

"मामंजी, हुकूम पुन्हा एकदा सांगा बघू."

विसूभटाने शब्द न् शब्द सांगितला.

"एवढंच?"

"एवढं कमी आहे का गं?"

"मग उठा आणि कारली चिरायला घ्या," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ती रायबाबूंकडे गेली. "बाबूजी, पान वाढलंय. कारलं गरम आहे तोवर चला." रायबाबूंना भूक लागलीच होती. बाकीचे कुठे आहेत हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. ठाकोरसाहेबांना तिने पागेत धाडलं होतं. तिथे नवी घोडी आली होती, आणि घोडं दिसलं की ठाकोरसाहेब जेवणच काय, स्वतःचं नावही विसरत. महाराजांच्या अंघोळीचं पाणी त्या दिवशी का कोण जाणे, फारच सावकाश तापलं.

महाराज सोवळं नेसून आले, तर रायबाबू कारलं संपवून डाळीत रमलेले.

"हे काय? पाहुणे पानावर आणि आम्ही न्हाणीघरात?"

"बाबूजींचा पल्ला लांबचा आहे, महाराज," ठकू भात वाढत म्हणाली. "लांब जायचं त्याला आधी निघावं लागतं."

महाराज फुरफुरत शेजारच्या पाटावर बसले. वरणभात झाला, पोळी झाली. तेवढ्यात घोडीचे गोडवे गात ठाकोरसाहेब आले आणि हातपाय धुऊन तिसऱ्या पाटावर टेकले. रायबाबूंनी पानातली शेवटची चटणी बोटाने पुसली.

ठकूने साचा उघडला!

तीन चांदीच्या वाट्या एकदम पुढे आल्या. ठाकोरसाहेबांचा पहिला घास, महाराजांचा मधला आणि रायबाबूंचा शेवटचा, तिघांचे चमचे एकाच वेळी तोंडात गेले. चार दिवसांत पहिल्यांदाच पंगतीत कोणी भांडत नव्हतं.

महाराजांना डाव कळला. पण असा सहज हार मानेल तो राजा कसला?

"ठकू, पंगतीतून सगळे एकदमच उठतात ना?"

"हो महाराज, ती आपली रीतच आहे."

"मग रायबाबूंचं जेवण संपलं आणि ठाकोरसाहेबांचं आत्ता सुरू झालं. आता रायबाबूंनी अर्धा तास खरकटा हात वाळवत बसायचं? गोडावर दुसरं काही त्यांना चालत नाही. आधी उठले तर आमची रीत मोडली, खाल्लं तर त्यांची. बोल आता!"

दाराआड विसूभटाने खांबाला मिठी मारली. सगळं संपलं, असंच त्याला वाटलं.

ठकू आइस्क्रीमने भरलेली पळी घेऊन शांतपणे रायबाबूंच्या पानापाशी गेली. "बाबूजी, तुमच्या मुलखात जेवण गोडाने संपतं, हे ठाऊक आहे मला. पण ते गोड किती वेळात संपवायचं, असा काही नेम आहे का?"

रायबाबूंनी भरल्या पळीकडे पाहिलं. मग भलत्याच गंभीरपणे वाटी पुढे केली.

"नाही. आमच्याकडे गोड फार सावकाश संपतं."

महाराज इतके हसले की मिशीला आंबा लागला. ठाकोरसाहेबांना ठसका लागला. हसू ओसरल्यावर महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातावर ठेवलं. "आणखी माग. काय हवं ते माग."

"मामंजींची चूल मामंजींकडेच राहू दे. आणि साच्याच्या तळाशी उरेल ते माझ्याकडे. दांडा फिरवून खांदे भरून आलेत माझे."

"दोन्ही दिलं," महाराज डोळे पुसत म्हणाले. "पण तळाचं आत्ताच उचल. रायबाबू तिसऱ्यांदा वाटी पुढे करतायत!"