टॅबवरचं गवत

शाळा तपासायला आलेल्या दाभाडेसाहेबांनी मुलांचे टॅब पाहिले आणि त्यांचा पारा चढला. "काचांवर ओरखडे, कडा झिजलेल्या! आत्ताच वाडीची शाळा पाहून आलो. तिथल्या टॅबवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. तुमचे टॅब उद्याच त्यांना देऊन टाकतो."

मुलांनी टॅब छातीशी घट्ट धरले. शरयूबाई मात्र हसून म्हणाल्या, "साहेब, गेल्या वर्षी आमच्या मैदानात गवत दिसलं, तेव्हा तुम्ही मला झापलंत. म्हणालात, गवत माजलंय, म्हणजे पोरं इथं खेळतच नाहीत."

"बरोबरच बोललो होतो!"

"मग वाडीच्या टॅबवरचं प्लास्टिक म्हणजे तेच गवत की!"

साहेब तसेच गाडीकडे निघाले. गाडीत बसता बसता ड्रायव्हरला म्हणाले, "परत वाडीला घे. गवत काढायचंय."