पिकअपचा विझवलेला दिवा

“मग दिवा विझवला कुणी?”

दस्तगीर मिस्त्रींचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सुकुमारला जरा बरं वाटलं असतं.

“विझवला म्हणजे... कोड पुसला. मीच.”

“का?”

“एअर फिल्टर साफ केला हुता, वस्ताद. वाटलं, झालं काम.”

“वाटलं...” मिस्त्री म्हणाले आणि पिकअपच्या स्टिअरिंगमागच्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहिले. तो आता पुन्हा लागला होता.

गॅरेज मिरजेबाहेर, म्हैसाळ रस्त्याला. मिस्त्रींची तिथं चाळीस वर्षं गेली. सुकुमार चौगुले त्यांच्या हाताखाली आला तो पुण्याच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरात तीन वर्षं काढून, स्वतःचा स्कॅनर घेऊन. गाडीचं पोट न फाडता आतलं सांगतो, असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. आणि सांगायचाही बरोबर, हीच तर पंचाईत होती. चार वेळा बरोबर ठरलेला माणूस पाचव्यांदा वाकून बघत नाही.

आठ दिवसांपूर्वी मिस्त्री बहिणीकडे विजापूरला गेले होते. तेव्हा बेकरीवाले रावसाहेब मगदूम ही जुनी पेट्रोल पिकअप घेऊन आले. गाडी पेट्रोल फार खाते आणि दिवा लागलाय, असं ड्रायव्हर तायाप्पा महिनाभर सांगत होता. सुकुमारनं स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला एकशे बहात्तर, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त, हवा कमी. त्यानं फिल्टर झटकला, कोड पुसला तसा दिवा विझला, मग दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. दिवा लागला नाही. तेव्हा त्यानं रावसाहेबांना हात पुसत सांगितलं, “गाडीत काही नाही.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

रावसाहेब ते वाक्य घेऊन घरी गेले. गाडी पेट्रोल पीत नाही, तर मग पितं कोण? तायाप्पाच्या शर्टाला पेट्रोलचा वास यायचा, तो सगळ्या बेकरीनं घेतला होता. झालं. अकरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाकडून किल्ली काढून घेतली, आणि आज दुपारी बारा वाजता बिरोबाच्या देवळात, चार लोकांसमोर, त्यानं देवाच्या हळदीचा भंडारा उचलून, पेट्रोल चोरलं नाही अशी शपथ घ्यायची असं ठरलं. शपथ घेतली तरी माणूस अर्धाच सुटतो. लोक म्हणतात, बघा, खोटी घेतली.

दिवा मात्र तिसऱ्या दिवशीच परत लागला होता. गाडी आता रावसाहेबांचा पुतण्या चालवत होता. त्याला वाटलं, लागतो तसा लागला असेल. आज सकाळी मागून काळा धूर यायला लागला, तेव्हा कुठं गाडी इथं आली.

रावसाहेब बाहेर बाकड्यावर चहा घेत होते. मधूनमधून मनगटावरचं घड्याळ बघत होते.

“मिस्त्री,” ते बाहेरूनच म्हणाले, “बाराला मला देवळात जायचंय. गाडीत खोट आसंल तर आत्ता सांगा. नसंल तर तेबी सांगा.”

अकराला दहा मिनिटं कमी होती.

मिस्त्रींनी सुकुमारला जवळ बोलावलं. आपला अंगठा त्या पिवळ्या दिव्यावर ठेवला. अंगठा जाड होता, दिवा पुरता झाकला गेला.

“दिसतोय?”

“न्हाई.”

“गाडी बरी झाली?”

“न्हाई.”

“तुझ्या यंत्रानं खोटं सांगितलं हुतं का?”

“न्हाई, वस्ताद. खरंच सांगितलं हुतं.”

“मग त्याला गप का केलंस?”

...

सुकुमारनं घाईघाईनं स्कॅनर लावला. पुन्हा एकशे बहात्तर.

“धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सर गेला असणार,” तो म्हणाला. “हीच तक्रार तो सारखी करतोय. बदलून टाकू. अर्ध्या तासात हुतंय.”

“तक्रार करतोय म्हणून बदलायचा?”

सुकुमारनं सेन्सर काढायला पाना उचलला होता.

“पेट्रोल जास्त हाय, एवढंच तो सांगतोय. त्यानं ओतलंय का?”

सुकुमारनं हातातला पाना खाली ठेवला. दुसरा कुणी असं बोलला असता तर त्यानं त्याला पुण्याच्या चार गोष्टी ऐकवल्या असत्या.

“वास घे,” मिस्त्री म्हणाले.

त्यानं ऑइलची पट्टी उपसली आणि नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा भपकारा येत होता. आठ दिवसांपूर्वी ही पट्टी त्यानं उपसलीच नव्हती. प्लग काढले. चारही काजळीनं काळे, चुलीतून काढल्यासारखे.

“तायाप्पा पावाचे ट्रे उतरवायला कुठं उभा राहतो?” मिस्त्रींनी विचारलं.

“मागं. गाडीच्या धुराड्यापाशी.”

“गाडी चालू आसते?”

“दुकानं जवळजवळ हायत. बंद कशाला करतोय तो.”

सुकुमार बोलून गेला आणि मग तिथंच थांबला. न जळलेलं पेट्रोल धुरातून बाहेर पडत होतं, आणि त्या धुरात उभा राहून माणूस पावाचे ट्रे उतरवत होता. त्याच वासावरून त्याला चोर ठरवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीची दोरी आपण वळून दिली.

साडेअकरा झाले.

आता तो घाई करेना. प्लग बसवले. इंजेक्टर एकेक करून तपासले, ते ठीक होते. हवा मोजणारा सेन्सर ठीक. इंजिन गरम झाल्याचं सांगणारा सेन्सरही ठीक. जास्तीचं पेट्रोल आत जात होतं, पण जायच्या वाटेनं जात नव्हतं. मग दुसरी कुठली वाट?

त्यानं मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री विडीची राख झाडत गॅरेजबाहेर जाऊन उभे राहिले होते. सांगायचं असतं तर ते आतच थांबले असते.

पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर इंजिनाच्या बाजूलाच होता. त्याच्या डोक्यातून एक बारीक रबरी नळी निघून इंजिनात जात होती. त्या नळीत फक्त हवेची ओढ असायला हवी, दुसरं काही नाही. सुकुमारनं गाडी चालू केली आणि नळी उपसली.

तळहातावर एक थेंब पडला. मग दुसरा. मग धार लागली.

आतला पडदा फाटला होता. पेट्रोल गुपचूप त्या नळीतून इंजिनात झिरपत होतं, कुणाच्या मोजदादीत न येता.

त्यानं गाडी बंद केली आणि रावसाहेबांना हाक मारली.

रावसाहेब आले, वाकले, त्याच्या ओल्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माणूस वाईट नव्हता, तापट होता. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हंजे गाडीच पीत हुती.”

“व्हय.”

“पण तू तर म्हणालास गाडीत काही न्हाई.” रावसाहेब थांबले. मग त्यांनी स्वतःच वाट काढून दिली, “का हे या आठ दिवसांत झालंय? नवीन?”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

सुकुमारला कळत होतं. “व्हय, नवीनच,” एवढे दोन शब्द. रबर आहे, कधीही फाटतं. कोण विचारणार होतं? त्याचं नाव राहिलं असतं, गॅरेजचं राहिलं असतं. फक्त मग महिनाभर गेलेलं आधीचं पेट्रोल तायाप्पाच्या अंगावर तसंच राहिलं असतं. आणि रावसाहेबांनी बारा वाजता देवळात त्याला ती शपथ घ्यायला लावली असती.

त्यानं दाराकडे बघितलं. वस्ताद पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत.

...

“नवीन न्हाई,” सुकुमार म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “त्या दिवशीबी हेच हुतं. यंत्रानं सांगितलं हुतं पेट्रोल जास्त हाय. मी नीट बगितलं न्हाई. दिवा विझवला आनि तुमाला गाडी चांगली हाय म्हणून सांगितलं. तायाप्पा खरं बोलत हुता.”

रावसाहेबांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

“लेका, तुझ्या एका बोलण्यावर मी त्या माणसाला...” पुढचं त्यांना बोलवेना. “माझ्या चारी गाड्या इथनं काढतो. आनि ह्या रस्त्याला कुणी विचारलं तर सांगणार, चौगुलेच्या हातात गाडी देऊ नका.”

त्यांनी पुतण्याला मोटरसायकल काढायला लावली. बाराला पाच कमी होते. बिरोबाच्या देवळाकडे दोघं भरधाव गेले, आणि जाताना रावसाहेब पुतण्याला म्हणत होते ते सुकुमारला ऐकू आलं, की तायाप्पाचा भंडाऱ्याला हात लागायच्या आत पोच, पाया पडायचंय मला त्याच्या.

मग गॅरेजात दोघंच राहिले.

सुकुमार पिकअपच्या पायरीवर बसला. तीन वर्षं पुण्यात, दोन इथं, पै-पाहुण्यांत मिरवलेलं सगळं एका सकाळी धुऊन निघालं होतं. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवायचीही ताकद नव्हती.

“माझं नाव गेलं, वस्ताद.”

मिस्त्रींनी विडी विझवली. त्याच्या शेजारी येऊन बसले.

“ते तुझं नव्हतंच,” ते म्हणाले. “आठ दिस तू तायाप्पाचं नाव वापरत हुतास. आज त्याचं त्याला परत दिलंस.”