माशीखालचा मुलूख

राजा रणधवलाने राज्याचा नवा नकाशा दरबारात पसरला. तेवढ्यात त्यावर एक माशी येऊन बसली आणि अख्खा टिपवळ परगणा तिच्या पोटाखाली गडप झाला.

"माशीखाली मावतो, तो कसला परगणा?" राजा म्हणाला. "टाका तो शेजारच्या भोरवाडीत!"

भोरवाडीच्या हैबतराव देशमुखांना तेच हवं होतं. टिपवळचा एकुलता एक ओढा हाती आला की ते तो आपल्या उसाकडे वळवणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. मग टिपवळकरांनी प्यायचं काय? हैबतरावांच्या थापा?

राजाचा न्हावी सटवाजी मूळचा टिपवळचा. त्याची म्हातारी आई अजून त्या ओढ्याच्या पाण्यावर वांगी पिकवत होती. पुढे होऊन त्यानं हात जोडले. "सरकार, लहान असला तरी आमचा आहे. राहू द्या वेगळा."

आता राजा असा हट्टी, की आमटी अळणी म्हणून बसला, तर खारट लागली तरी वर मीठ मागून घेईल. मिशीला पीळ देत तो म्हणाला, "ऐक सटवा. टिपवळहून लहान मुलूख मला दाखव, आणि तो शेजाऱ्यात मिसळू नका असं माझ्याच तोंडून वदवून घे. उद्या सकाळपर्यंत मुदत. जमलं तर हुकूम मागे घेतो. नाहीतर ओढा हैबतरावांचा."

दरबार खो खो हसला. सटवाजीला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

सकाळी तो नेहमीसारखा वस्तऱ्याची धोपटी घेऊन हजर झाला. हैबतरावही मजा बघायला येऊन बसले होते.

"सापडला का मुलूख?" राजानं विचारलं.

"सापडला, सरकार. आधी दाढी उरकू. मान वर. गाल फुगवा."

दोन्ही गाल गुळगुळीत झाले, आणि सटवाजीनं वस्तरा मिशीच्या टोकाला लावला.

"अरे, हे काय करतोस?"

"नकाशा नीट करतोय. हा उजवा गाल, केवढा ऐसपैस परगणा! डावाही तसाच. मधे ही उगाच बोटभर पट्टी. फार तर चार माशा बसतील. शेजारच्या गालात मिसळून टाकतो, आत्ता होईल."

राजानं दोन्ही हातांनी मिशी झाकली. "खबरदार! हिला कुणात मिसळायचं नाही!"

"का बरं? एवढीशी तर आहे."

"एवढीशी? ही गेली तर मला राजा म्हणून ओळखणार कोण?"

सटवाजीनं वस्तरा मिटला. "टिपवळकर तरी दुसरं काय म्हणताहेत, सरकार?"

राजाचे हात मिशीवरून हळूहळू खाली आले. हैबतराव आपल्या जोड्यांकडे बघू लागले.

"आणि मी नाही म्हणालो नसतो, तर?" राजानं हळूच विचारलं.

"तर टिपवळ गेलं असतं, सरकार. पण एकटं गेलं नसतं."

राजा असा हसला की मिशी वाचूनही थरथरत राहिली. त्यानं अंगावरचा शेला सटवाजीच्या खांद्यावर टाकला, ओढ्याचा कारभार त्याच्या हाती दिला आणि नकाशेवाल्याला हुकूम सोडला, "टिपवळ एवढं मोठं काढ, की वर माशी बसली तरी दिसेल!"