सात गावांची एक दुपार

फार वर्षं झाली याला. नेमकी किती, ते सांगणं कठीण आहे, कारण आंबवणची माणसं एक आकडा सांगतात आणि करंदवाडीची दुसरा. पण वाघखिंडीखाली तेव्हाही सात गावं होती आणि निंबाजी नावाचा एक सरनोबत होता, एवढ्याबद्दल कुणाचा वाद नाही.

त्या वर्षी घाटापलीकडची फौज खिंडीतून उतरली होती. चार गावं निंबाजीच्या बाजूनं लढली. तीन गावं भीतीपोटी पलीकडच्यांना मिळाली. निंबाजीनं फौज पळवून लावली, पण ती उन्हाळ्यात परत येणार हे त्याला ठाऊक होतं. खिंड राखायची तर सातही गावांची माणसं तिथं एकत्र उभी राहायला हवी होती. म्हणून तो गावोगाव फिरला, सगळ्यांना समजावलं, आणि सातही गावांनी खिंडीत माणसं धाडली.

आणि मग त्याच्या हातून चूक झाली. एके दिवशी त्याला भूक लागली आणि तो आंबवणच्या पाटलाकडे दुपारचा जेवला.

त्या मुलखात रात्रीचं जेवण कुणालाही मिळायचं, वाटसरूला, गोसाव्यालाही. पण दुपारचं पान हा मान होता. सूर्य डोक्यावर असताना ज्याच्याकडे जेवलात त्याचे तुम्ही झालात, तो तुमचा झाला. आठ दिवसांत खोऱ्यात बोभाटा झाला, ‘सरनोबत आंबवणचे झाले.’ एका गावानं खिंडीतली माणसं काढून घेतली. ते बघून दुसऱ्यानं काढली. करंदवाडीनं तर वेस लावून घेतली.

“इतक्या लढाया मारल्या,” निंबाजी कपाळाला हात लावून म्हणाला, “आणि हरलो कशानं, तर पुरणपोळीनं!”

“किती खाल्ल्या होत्या?” त्याच्या शिंगाड्यानं, बहिरूनं विचारलं.

“चार.”

“मग बरोबर आहे.”

निंबाजी रात्रभर तळमळला. सकाळी त्यानं बहिरूला शिंग फुंकायला लावलं आणि सातही गावांना निरोप धाडला, ‘येत्या पुनवेला मी तुम्हा सगळ्यांकडे जेवणार. दुपारचाच.’

लोक पोट धरधरून हसले. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर घटका-दोन घटका लागायच्या. एका दुपारीत सात पंगती व्हायच्या कशा?

पुनवेला सूर्य डोक्यावर आला तसा निंबाजी आंबवणला पानावर बसला. तिथून दुसऱ्या गावी गेला. तिथं पोचला तर सूर्य डोक्यावरच. तिसऱ्या गावी, चौथ्या गावी, तरी सूर्य हलेना. असं म्हणतात की, सातव्या पंगतीत काय होतंय ते बघायला तोही थांबला होता. गुरं झाडाखालून उठेनात. कोंबडे गोंधळले. प्रत्येक गाव मागच्या गावाहून जास्त वाढायला बघत होतं, त्यामुळे पाचव्या गावी निंबाजीचा कमरबंद सुटला आणि सहाव्या गावाहून निघताना त्याच्या घोडीनं मान वळवून त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो खाली उतरला आणि पायी चालू लागला.

राहिली होती करंदवाडी. पलीकडच्यांना मिळालेल्या तीन गावांतलं एक. तिथलं पान चिमाआईकडे होतं. चिमाआईचा एकुलता एक लेक त्याच लढाईत पडला होता, निंबाजीच्या माणसांच्या हातून.

“तिच्या हातचं खाऊ नका,” बहिरू वाटेत म्हणाला. “निदान आधी मला चाखू द्या. माझं पोट रिकामंच आहे.”

“तुला बोलावलंय का?”

“मला कोण बोलावतंय!”

“मग शिंग फुंक आणि गप चल.”

दारात सगळं गाव जमलं होतं. चिमाआईनं अंगणातल्या निंबाकडे पाहिलं. सावली बुंध्याशीच होती.

“दुपारच आहे,” ती म्हणाली. “बसा.”

तिनं पुरण घातलं नव्हतं. दोन नाचणीच्या भाकरी, उडदाचं घुटं आणि मिरचीचा ठेचा. निंबाजीनं पहिली भाकरी संपवली. कशी, ते त्यालाच ठाऊक. दुसरीचा तुकडा मोडला आणि त्याचा हात थांबला. तोंडाशी जाईना. कपाळावर घाम आला. गावात कुजबुज सुरू झाली, ‘भ्यायला. विषाला भ्यायला.’ आता हात मागे घेतला असता तर करंदवाडी गेली असती, करंदवाडीमागे खिंड गेली असती. निंबाजीनं डोळे मिटले आणि घास उचलला.

चिमाआई त्याच्या तोंडाकडे बघत होती. घाबरलेला माणूस आणि पोट फुटायला आलेला माणूस यांतला फरक तिला कळत होता. तिनं लेक वाढवला होता. ती पुढे सरकली, त्याच्या पानातली उरलेली भाकरी उचलली आणि तिथंच बसून खाऊ लागली, जशी आई लेकाचं उष्टं संपवते तशी.

“सहा घरं जेवून आलास,” ती खाता खाता म्हणाली, “आणि माझ्याकडे दोन भाकरी खायला निघालास? अक्कल आहे का तुला?”

निंबाजीला आधी हसू फुटलं आणि मग रडू. अंगण हसू लागलं. असं म्हणतात की, तिनं शेवटचा घास गिळला आणि सूर्य जो घसरला तो एकदम डोंगराआड गेला. दुसऱ्या दिवशी खिंडीत सात गावांची माणसं उभी होती आणि त्यांत सगळ्यांत पुढे करंदवाडीची. उन्हाळ्यात पलीकडची फौज आली, वर बघितलं, आणि आली तशी गेली.

निंबाजी कधी वारला, कुठे वारला, कुणाला माहीत नाही. पण पौषातल्या पुनवेला त्या खोऱ्यात आजही कुणी स्वतःच्या गावात जेवत नाही. आंबवणची माणसं करंदवाडीला जातात, करंदवाडीची आणखी कुठे. पाहुण्याच्या पानातली अर्धी भाकरी यजमानीण उचलून खाते आणि त्याला ‘निंबाजीचा वाटा’ म्हणतात. शेवटचा पाहुणा जेवून उठेपर्यंत सातही गावांत दिवा लागत नाही. अंधार पडला, चांदणं वर आलं, आणि वाट चुकलेला कुणी तेव्हा दारात येऊन अवघडून म्हणालाच की, फार उशीर झाला हो, तर आतून हसण्याचा आवाज येतो आणि कुणीतरी पान मांडत म्हणतं, “कसला उशीर? दुपारच आहे. बसा.”